आधी नवऱ्याला आणा!

माझ्या मावशीच्या यजमानांइतका पुरुषांचा वैरी पुरुष उभ्या सांगलीत झाला नाही. काका डॉक्टर होते. मूल होत नाही म्हणून एखादी सासू सुनेला घेऊन दवाखान्याची पायरी चढली, की हे आतूनच ओरडत, "आधी नवऱ्याला आणा!" लढाईच्या त्या दिवसांत घरात रॉकेलची मारामार, पण काकांची पितळी सूक्ष्मदर्शक दुर्बीण सदा लखलखीत. तिच्याखाली ते दूध बघत, विहिरीचं पाणी बघत, मावशीच्या लोणच्यावरची बुरशीसुद्धा सोडत नसत. पण खरा जीव पुरुषाच्या वीर्यात. ते किती, दाट की पातळ, त्यात शुक्रजंतू किती, सरळ पळणारे किती आणि जागच्या जागी गिरक्या घेणारे किती, हे सगळं जेवताना सांगत, आणि मावशी भाताचा डाव आपटून उठून जाई. एकदा एक पैलवान तावातावानं म्हणाला, "आवं डाक्टर, रोज हजार जोर मारतो मी. माज्यात काय उणं आसंल?" काका म्हणाले, "जोर दंडात आहे रे. मी दुसरीकडे बघतोय." आणखी एक खूळ म्हणजे दर दिवाळीआधी ते एकटेच कडेगावला जात आणि गुळाची ढेप घेऊन येत. सांगलीसारख्या गुळाच्या पेठेत राहून हा उपद्व्याप कशाला, असं विचारलं तर ऐकूच न आल्यासारखं करत.

अशा माणसाच्या तावडीत मीही सापडलो. लग्नाला सात वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि साताऱ्यात आईनं माझ्यासाठी वाईची दुसरी मुलगी हेरून ठेवली होती. माझी सिंधू आपली लुगडी एका ट्रंकेत वेगळी रचत होती. आणि मी? मी शेळपट, आईला हो म्हणेना की नाही म्हणेना. तेवढ्यात काकांचं पत्र आलं, "चार दिवस ब्रह्मचर्य पाळ आणि ये."

मावशीकडे लाज वाटेल म्हणून मी सांगलीत मित्राच्या खोलीवर उतरलो. काकांनी दिलेल्या बाटलीत ऐवज घेतला आणि नासू नये म्हणून, घरी दूध ठेवतात तसा, तांब्यातल्या गार पाण्यात ठेवून नेला. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे शहाण्या, बासुंदी आणलीस का? सगळे गारठून पडलेत!" पुन्हा चार दिवस ब्रह्मचर्य. या खेपेला उबेसाठी बाटली काखेत धरली. वाटेत दोघांनी हाताला काय झालं म्हणून विचारलं. मी गळू झालंय म्हणून सांगितलं.

काकांनी बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावला. मग मला बघायला लावलं. इकडे एक, तिकडे दोन, तेही पेंगुळलेले.

"तुझ्यासारखेच आहेत," काका म्हणाले, "निघायचं ठरवतात आणि बसून राहतात." मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंक आली.

आईला सांगायचं धाडस मला कुठलं होणार! काकाच साताऱ्याला आले. "अक्का, सून बदलून काय होणार?" ते म्हणाले. "बदलायचाच तर मुलगा बदला."

आई उसळली, "काहीतरीच! पुरुषात कधी असं असतं का?"

"माझ्यात आहे," काका म्हणाले. "तुमच्या बहिणीच्या आधीची माझी बायको वांझ ठरवून माहेरी धाडली, कडेगावला. मी तोंड उघडलं नाही. दुर्बीण नंतर आणली. आणली आणि आधी स्वतःचंच पाहिलं."

आईनं वाईला नकार कळवला. सिंधूनं ट्रंकेतली लुगडी परत दांडीवर टाकली आणि त्या दुपारी पोटभर रडली. मूल आम्हांला झालंच नाही; घरात तेवढी उणीव राहिली ती राहिलीच.

काका गेल्यापासून दिवाळीआधी कडेगावला सिंधू जाते, लुगडं घेऊन. पहिल्यांदा गेली तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "तुला घालवलं नाही ना कुणी?" सिंधू नाही म्हणाली. बाई आत गेल्या आणि बाहेर येऊन त्यांनी तिच्या हातात गुळाची ढेप ठेवली.