मालनबाईंनी बंद केलेली डेअरी

चेअरमन म्हणून मिरवायला मालनबाईंना कधी जमलंच नाही. दिंद्रुडजवळच्या त्यांच्या गावात महिलांची दूध संस्था निघाली, तेव्हा सुंदररावांनीच त्यांना खुर्चीवर बसवलं. सुंदरराव गावचे पुढारी, शिवाय त्यांची स्वतःची खाजगी डेअरी. भीमनगरातली, दोन म्हशी राखणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई त्यांना हवीच होती. सभा सुंदररावांच्या ओसरीवर व्हायची. सचिव ठराव वाचायचा, मालनबाई "मंजूर" म्हणायच्या, मग चहा यायचा. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, त्यातलाच प्रकार. पण दळणारीच्या ते अंगवळणी पडलं होतं.

पुढं पावसानं सलग डोळे वटारले. गुरं चारा छावणीत गेली, दूध आटत चाललं. त्या छावणीत विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागातली पोरं पाहणीला आली. दुष्काळात सहकारी संस्था कशी तगते, हे त्यांना शिकायचं होतं म्हणे. मालनबाईंना प्रश्न विचारून त्यांनी भंडावून सोडलं आणि जाताना विभागात यायचं आवतणही दिलं.

बाई गेल्या. मोठा थंडगार वर्ग, समोर माईक, टेबलावर त्यांच्या नावाची पाटी. शिकवणाऱ्या मॅडम निम्मं इंग्रजीत बोलल्या. त्यातलं मालनबाईंना 'ताई' तेवढं कळलं. मग एक पोरगा उठला आणि त्यांच्याच संस्थेचं नाव घेऊन वाचू लागला, "दुष्काळामुळे दूध घटले असल्याने सदर संस्था बंद करण्यात यावी." सगळा वर्ग एका सुरात "मंजूर" म्हणाला. मालनबाईंचाही हात वर गेला. तोंडानं सवयीचा शब्द उच्चारला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. हे काय करून बसलो आपण?

टाळ्या झाल्या. मॅडमनी शाल आणि नारळ दिला. गावातल्या गुरुजींना निवृत्तीच्या दिवशी असाच शाल-नारळ दिलेला त्यांनी पाहिला होता. म्हणजे आपल्यालाही निरोपच दिला! विचारावं तर कुणाला? सगळी पोरं हसून पाया पडत होती. डेअरी बुडवल्याबद्दल लोक पाया पडतात, हेही त्यांना नवीनच होतं.

एसटीत त्यांना रडू आवरेना. त्या दुधावर गावातल्या बायांची मीठमिरची चालत होती.

सकाळी बाया कॅन घेऊन आल्या, तर मालनबाई कुलपापुढं उभ्या. "बायांनो, संस्था बंद झाली. विद्यापीठानं ठराव केला. मी बी हात वर केला."

कुणाला काही उमगेना. तेवढ्यात वास लागल्यासारखे सुंदरराव जीप घेऊन हजर झाले.

"बरं झालं, वरूनच निकाल लागला," ते म्हणाले. "आता दूध माझ्या टँकरात घाला."

बायनाबाई जरा तोंडाळ होती. ती पुढं सरसावली. "संस्था आमची, अन् ठरावाच्या टायमाला आमी कुठं होतो? आमी तर छावणीत शेण काढत होतो! मालनबाय, फोन लावा त्या मॅडमला."

फोन लागला. बायांनी त्याभोवती कोंडाळं केलं. मॅडम आधी चक्रावल्या, मग मनापासून हसल्या. "अहो ताई, ती मुलांच्या सरावाची सभा! सभासदांना बोलावलं नाही, सभासद हजर नाहीत, दुसऱ्यानं लिहिलेला ठराव वाचला अन् तुम्ही हात वर केला. अशी सभा कधी खरी असते का?"

बायांचा जीव भांड्यात पडला. "उघडा की कुलूप!" गीताबाई म्हणाली.

मालनबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांचं डोकं पार गरगरायला लागलं होतं. सभासद हजर नाहीत, ठराव दुसऱ्याचा, आणि आपला हात वर. मग ओसरीवरच्या सभा तरी दुसऱ्या कुठल्या होत्या?

"बायना," त्यांनी विचारलं, "मला चेअरमन केलं, त्या सभंला तू गेलतीस का?"

"न्हाई बा."

"गीताबाई, तू?"

"मला तर तुमी चेअरमन झाल्याचं बाजारात कळलं."

"मंग मी चेअरमन हाय का न्हाई?"

सुंदरराव घाईनं म्हणाले, "काहून डोकं पिकवता? दूध नासंल. मालनबाई, सांगा त्यांना, टँकरात घाला म्हणून."

"थांबा," बायनाबाई म्हणाली. "आमी सगळ्या इथंच हावोत. मालनबाय, तुमालाच चेअरमन ठेवू आमी, पन आदी एक सांगा. दूध टँकरात जानार का?"

इतक्या वर्षांत चेअरमनबाईंना कुणी काही विचारलं, ते हे पहिल्यांदाच. त्यांनी सुंदररावांकडं पाहिलं. मान सवयीनं खाली झुकू लागली. ठराव वाचून दाखवायला सचिवही जवळ नव्हता.

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला, की मागच्या बायांना तो ऐकूच गेला नाही. म्हणून त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.