सव्वीस डिसेंबरचा फळा

चेन्नईच्या अण्णा नगरातल्या त्या इमारतीच्या फाटकापाशी एक काळा फळा आहे आणि त्यावर खडू चालवायचा हक्क फक्त अंबुजाबाईंचा. बाई तंजावरकडच्या मराठी, वय पंचाहत्तरीच्या पुढे, सगळं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं. निवृत्त झाल्या, पण खोड कुठे जाते? सकाळची कॉफी पोटात गेली की खाली उतरतात आणि तमिळमध्ये दिनविशेष लिहितात. बावीस सप्टेंबर आला की १९१४ साली एम्डन नावाच्या जर्मन जहाजानं मद्रासवर तोफा डागल्या, हे लिहिणारच. पोंगल चौदा जानेवारीला आला तर दारोदारी कोलमची रांगोळी आणि फळ्यावर पानिपत! सोसायटीचे सेक्रेटरी वेंकट एकदा काकुळतीला आले, "मामी, सणासुदीला लढाई कशाला? उद्या लिहा की." बाई कडाडल्या, "लढाई उद्या झाली काय रे?" वेंकटनी पुन्हा नाव काढलं नाही.

इतिहासाच्या खाली इमारतीतल्या पोरांचे वाढदिवस. ज्याचा असेल त्याचं नाव रंगीत खडूनं. पोरांना केकपेक्षा त्याचंच अप्रूप.

वर्षात एकच दिवस फळा कोरा राहायचा, सव्वीस डिसेंबर. २००४ सालच्या त्या रविवारी सकाळी बाईंचे यजमान शेषाद्री मरीना किनाऱ्यावर फिरायला गेले आणि त्सुनामीच्या लाटेनं त्यांना नेलं. इमारतीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. त्या दिवशी कोणी बाईंच्या वाटेला जात नसे आणि शेषाद्रींचं नाव तर वर्षभर कोणी काढत नसे. उगाच खपली कशाला काढा, असा सगळ्यांचा भला विचार.

यंदा जूनमध्ये खालच्या मजल्यावर नाशिकचं बिऱ्हाड आलं. उपेंद्र शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, त्याची बायको अवनी आणि चुरूचुरू बोलणारी मुलगी तनया. जिन्यात मराठी कानावर पडली आणि बाई हरखल्या. त्यांची मराठी मात्र राजेरजवाड्यांच्या काळातली, वर तमिळची फोडणी. "जेवलीस कीं गे, कण्णा?" असं लाडानं विचारलं की अवनी आधी पदराआड हसायची, म्हणजे ओढणीआड. पण दिवाळीपर्यंत दोन्ही घरांतल्या वाट्या वरखाली होऊ लागल्या.

डिसेंबर लागला तशी तनया वर आली. "आज्जी, माझं नाव कुठल्या रंगानं लिहिणार?"

"तुझा दिवस कोणता गे?"

"सव्वीस!"

बाईंचा चेहरा उतरला. "सेरि, बरं, पाहूं," एवढंच म्हणाल्या आणि तिला लाडू देऊन पाठवलं. मग दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. पोरीला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही.

वेंकटकडून अवनीला सारं कळलं. बिचारी धावतपळत वर आली. "काकू, माफ करा हो, आम्हाला माहीतच नव्हतं. तनयाला सांगितलंय, तुझा वाढदिवस सत्तावीसला. तुम्ही फळ्यावर सत्तावीसलाच लिहा. लहान आहे, तिला काय कळतंय!"

झालं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लेकराची जन्मतारीख बदलतेस? मजसाठीं? अय्यो! खोटी तारीख लिहिली म्हणून मी पोरांचे मार्क कापले जन्मभर, आणि आतां तूं हें मज शिकवतेस?"

अवनी डोळे पुसत खाली गेली. तिची काय चूक होती हो? बाईंनाही ते कळत होतं. राग तिच्यावर नव्हताच. पोरीची तारीख एक दिवस सरकली तर आपण एवढ्या तापलो, आणि आपण काय केलं? वीस वर्षं ती तारीखच पुसून ठेवली. फळ्यावर लिहिलं की शेषाद्री इतिहासजमा होणार, एवढीच त्यांची भीती. फळा कोरा असेपर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात ते अजून फिरायलाच गेलेले होते. खोलीत कोणी नव्हतं. बाई पोटभर रडल्या.

सव्वीसला सकाळी त्या खाली उतरल्या. आधी पांढऱ्या खडूनं लिहिलं, "२००४. त्सुनामी. मरीनावर गेलेल्यांत आमचे शेषाद्री." नावापाशी अडखळल्या, पण अक्षर नीट काढलं. मग खाली, मोठ्या गुलाबी अक्षरांत, "तनया. आज सहा वर्षं पूर्ण."

नवा फ्रॉक घालून तनया आली. मागे अवनी, तोंडावर हात ठेवून उभी. पोरगी शाळेत तमिळ अक्षरं शिकत होती. स्वतःचं नाव वाचून नाचली, मग बोट वरच्या ओळीवर ठेवलं.

"शेषाद्री कोण, आज्जी?"

"तनया!" अवनी घाईनं म्हणाली.

"असूं दे गे. विचारूं दे," बाई म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग काय, बांध फुटावा तशा बोलत सुटल्या. आंघोळ करताना ते कसे भसाड्या आवाजात गायचे. टी. नगरला साडी घ्यायला गेले की दुकानातल्या खुर्चीवर कसे झोपून जायचे. फाटकात येताच "अंबू" म्हणून हाक मारायचे, तीही अशी की चार घरांची दारं उघडावीत. बोलता बोलता बाई हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

तनयानं सगळं ऐकून घेतलं. मग गंभीरपणे विचारलं, "आणि त्यांचा वाढदिवस कधी असतो?"

बाईंना आठवायला क्षणही लागला नाही, पण ते गेल्यापासून ही तारीख त्यांच्या तोंडून निघाली नव्हती.

"नऊ मार्च," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हा त्यांचंही नाव लिहायचं, रंगीत खडूनं. विसरू नका हां!"