बर्फवाल्या विद्यापीठाचा कौल

मी चौथी पास आहे, आणि नातीने अमेरिकेतल्या कुठल्या विद्यापीठात जायचं हे मी ठरवलं. निदान दीड तास तरी घरात सगळे तसं समजत होते.

आम्ही शारजात राहतो, अल नहदाला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. मी उमेदीची सगळी वर्षं इथे साइटवर सुतारकाम केलं आणि सुलभा, माझी बायको, कोकणात घर सांभाळत राहिली. म्हातारपणी दोघं मुलाकडे आलो. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मी तिचे देव पुसतो आणि नको तिथे तोंड घालतो.

नात इरा बारावीला. विद्यापीठं दोन. नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी एकाला बर्फवालं म्हणायचो, दुसऱ्याला समुद्रवालं. मुलाला, मंदारला, बर्फवालं हवं होतं, कारण त्याचा नंबर वर. सुनेला समुद्रवालं, कारण तिची बहीण तिथून तासाभरावर. इराला काय हवं ते विचारायला दोघांनाही सवड नव्हती.

"दोन्हीकडे टाक की अर्ज," मी म्हणालो.

"लवकरचा अर्ज एकाच ठिकाणी, आजोबा. ओन्ली वन. त्यांनी घेतलं तर जायलाच लागतं."

"म्हणजे लग्नच."

"बेसिकली."

"मग जागा बघितलीस का?"

"व्हर्च्युअल टूर केली."

(मी लग्नाआधी तेवढंही केलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख, आणि नवरा-बायको सकाळपासून एकमेकांशी इराच्या मार्फत बोलत होते. मी म्हटलं, "कौल लावू."

सुलभा गुरवाची मुलगी. मी दोन वर्षांनी सुट्टीवर जायचो, तेव्हा साठलेले सगळे निर्णय ती गावदेवीला कौल लावून मोकळे करायची. देवीच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. जी आधी पडेल तो देवीचा हुकूम. आमचं लग्नही तसंच ठरलं. तिला दोन स्थळं होती, एक शाळामास्तर आणि एक मी. माझी पाकळी पडली. देवीने निवडलेला जावई म्हणून मी सत्तेचाळीस वर्षं, गावी गेलो की, छाती काढून फिरलो.

"अण्णा, गंमत म्हणून ठीक आहे," सून म्हणाली.

मी बसने बर दुबईला जाऊन देवळाच्या गल्लीतून ताजी फुलं आणली. हॉलमधल्या देव्हाऱ्यातल्या सुलभाच्या देवीला पाकळ्या लावल्या. उजवी बर्फ, डावी समुद्र. गाऱ्हाणं पुरतं म्हणूनही झालं नाही, तोच डावी पडली.

सून आत गेली आणि तिने रवा भाजायला घेतला. गंमत संपली होती.

"बेस्ट ऑफ थ्री," मंदार म्हणाला.

"देवीशी क्रिकेट खेळतोस काय रे?"

पण लावला. डावी. पुन्हा लावला. डावी. पाचव्यांदा मंदार आंघोळ करून, सोवळं नेसून बसला (टॉवरातल्या ऑफिसात रोज टाय लावणारा माणूस), तरी डावीच. देवी इतकी ठाम मी कधी बघितली नव्हती. इरा तेवढी शिऱ्याची वाटी हातात घेऊन छताकडे बघत होती.

"आजोबा, एसी."

एसीची जाळी बरोबर देवीच्या डाव्या कानावर होती. माझी देवी दीड तास वाऱ्याने बोलत होती!

एसी बंद केला. वीस मिनिटं आम्ही चौघं घामाने निथळत बसलो. एकही पाकळी हलली नाही.

"सुलभाच्या हातून कशी पटकन पडायची?" मी म्हणालो. मला खरंच कळत नव्हतं.

मंदारने तोंड पुसलं. "आई एका पाकळीला नुसतं पाणी लावायची, अण्णा. दुसरीला गंध. गंधवाली चिकटून राहायची."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी शेजारीच बसायचो. दहावीनंतर तुम्ही मला साइटवर आणणार होतात, आठवतं? कौल पडला शिक्षणाचा."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"मग मी सुतार झालो असतो."

"सो आजी जस्ट डिसाइडेड?" इराने विचारलं. ती उठली, देव्हाऱ्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुडली, आणि पाकळ्या तिने स्वतः लावल्या. मिनिटात उजवी पडली. बर्फ.

सून काही बोलणार होती, पण हुकूम झाला होता. तिने हात जोडले. मंदारनेही जोडले. मीही जोडले, कारण मला तेवढंच येतं. इराच्या बोटाला मात्र पिवळं लागलं होतं.

अर्ज त्याच दिवशी गेला. डिसेंबरात त्यांनी तिला घेतलं. आता ती लोकरीचे मोजे जमवते आहे.

मी मात्र रोज देव पुसताना एकाच विचारात अडकतो. आमच्या लग्नाचा कौल सासऱ्यांनी लावला, पण पाकळ्या भिजवून त्यांच्या हातात दिल्या होत्या सुलभाने. म्हणजे मला देवीने निवडलंच नव्हतं. पगारदार मास्तर सोडून एवढी हुशार बाई चौथी पास सुतार का घेईल, याचा मी खूप विचार केला.

त्या दिवशी माझ्या पाकळीचं गंध पातळ झालं असणार.