आर्डिसबाईंचे ब्याऐंशी मतदार

आमच्या कॉलेजच्या तळघरात आठ फोन आहेत. निवडणुकीच्या वर्षी सप्टेंबरपासून तिथून राज्यभर फोन लावायचे आणि मतदानाला जाणार का, कुणाला मत देणार, एवढं विचारायचं, हा आमचा उद्योग. शंभर फोन लावले तर चौऱ्याण्णव जण उचलत नाहीत किंवा आपटतात. उरलेल्या सहांपैकी दोघे आमच्या आईचा उद्धार करतात. सव्वीस वर्षं मी इथे आकडेशास्त्र शिकवतो आणि ही पाहणी चालवतो. मिनेसोटाच्या थंडीची सवय झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बसून "आम्ही म्हणतच होतो" म्हणणाऱ्यांची मात्र अजून झाली नाही.

आठांपैकी जिन्याजवळचा फोन आर्डिस टॉलेफसनबाईंचा. वय एकाहत्तर. उत्तरेकडच्या हॅल्वर लेक गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी चौतीस वर्षं पोरांना जेवू घातलं. निवृत्त झाल्या, वर्षाच्या आत नवरा गेला, आणि पुढच्या सोमवारी त्या कॉलेजात हजर.

"तुमच्याकडे फोनवर बोलायला माणसं हवीत म्हणे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी फोन आहे, माणूस नाही. तर म्हटलं, बघावं."

त्याला अकरा वर्षं झाली. बाकीच्या सात फोनांवर विद्यार्थी बसतात. बिचारे तासभर शिव्या खातात आणि दोन माणसांची उत्तरं घेऊन उठतात. आर्डिसबाई तेवढ्यात चार-पाच जणांची घेत. त्यांचा फोन कुणी आपटत नसे. लोकांना त्यांचा आवाज ऐकूनच बसायला खुर्ची ओढावीशी वाटे.

आमचा एक नियम आहे. ओळखीचा माणूस निघाला तर फोन शेजारच्याकडे द्यायचा. बाईंनी पहिल्या आठवड्यात तो इमानेइतबारे पाळला. पण उत्तरेकडच्या तीन जिल्ह्यांत बाईंना न ओळखणारा सापडणार कुठून? एक तर त्यांच्या हातचं जेवलेला, नाही तर त्याची पोरं जेवलेली. विद्यार्थ्याकडे फोन दिला की पलीकडचा लगेच ठेवून देई. शेवटी मीच म्हणालो, "राहू द्या आर्डिस, तुम्हीच बोला." आकडे असे भराभर भरत होते की मला मोह आवरला नाही. उत्तरेकडचा सगळा भाग मी त्यांच्याच हवाली करून टाकला.

गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीआधीचा एक फोन मी शेजारी उभा राहून ऐकला. हॅल्वर लेकच्या हॉलसमोर राहणारा पेट्रोल पंपवाला ड्वेन कुबिचेक होता.

"मी आर्डिस, कॉलेजच्या पाहणीतून बोलतेय."

"मिसेस टॉलेफसन! तुम्ही होय! बोला की."

"आता मी मिसेस टॉलेफसन नाही, पाहणी आहे. दहा मिनिटं आहेत का?"

"तुम्हाला वीस देतो."

"मतदानाला जाणार का? नक्की, बहुतेक, सांगता येत नाही, की नाही?"

"हे काय विचारणं झालं? नक्की!"

"बर्फ पडला तरी?"

"हाही प्रश्न छापलेलाय?"

"नाही. हा माझा."

"तरी जाणार, बाई. तरी जाणार."

मी हसलो आणि कॉफी आणायला गेलो. खरं तर तिथल्या तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आमच्या राज्याला मतदानाचा भारी अभिमान. अख्ख्या देशात आम्हीच पुढे, असं आम्ही पाहुण्यालाही ऐकवतो. मतदानाला गेलो नाही म्हणणं म्हणजे शेजारणीच्या दारातला बर्फ उपसला नाही म्हणण्यासारखं. तेही सांगायचं कुणाला, तर आर्डिसबाईंना!

निवडणुकीच्या चार दिवस आधी आम्ही जाहीर केलं की गव्हर्नरपदाची निळ्या पक्षाची बाई चार टक्क्यांनी पुढे आहे. निकाल लागला तेव्हा लाल पक्षाचा गडी तीन टक्क्यांनी निवडून आला होता. म्हणजे सात टक्क्यांची चूक. राजधानीतल्या वर्तमानपत्राने आमचं नाव घेऊन लिहिलं की यापेक्षा हवामान खातं बरं.

आठवड्याभरात डीन लिनिया सेथरने मला बोलावलं. बाई सरळ आहे, आडपडदा नाही.

"चूक कुठे झाली ते जानेवारीपर्यंत शोधून दे. नाही सापडली तर पाहणी बंद. व्यायामाच्या सायकली ठेवायला जागा हवीच आहे आपल्याला."

माझं काय, मला शिकवायला वर्ग होते. आर्डिसबाईंना मात्र त्या तळघराखेरीज जायला दुसरी जागा नव्हती. फोन बंद असतानाही त्या दर सोमवारी यायच्या, फोनांवरची धूळ पुसायच्या, जुने कागद लावायच्या. त्या हिवाळ्यात दर सोमवारी जिन्यावरून उतरता उतरता एकच प्रश्न.

"राहील ना रे आपली पाहणी?"

"राहील," मी म्हणायचो. मला काही ठाऊक नसायचं.

निवडणुकीनंतर काही आठवड्यांनी मतदार याद्या खुल्या होतात. कुणी कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण कोण गेलं आणि कोण घरी बसलं ते कळतं. आमच्या आठशे माणसांची नावं मी त्या याद्यांशी ताडून पाहिली. तीन दिवस लागले. विद्यार्थ्यांना "नक्की" म्हणालेले बहुतेक सगळे मतदानाला गेले होते. आर्डिसबाईंना "नक्की" म्हणालेले होते दोनशे एकतीस. त्यांतले ब्याऐंशी गेलेच नव्हते, आणि त्या ब्याऐंशींतल्या बहुतेकांनी निळ्या बाईचं नाव सांगितलं होतं. मी ते ब्याऐंशी काढून टाकले आणि पुन्हा हिशेब मांडला. निळी बाई तीन टक्क्यांनी मागे. बरोब्बर निकाल!

चूक सापडली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मी कागद खणात टाकून खण बंद केला.

सोमवारी बाई आल्या तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"आर्डिस, तुम्हाला नक्की म्हणालेल्यांतले ब्याऐंशी जण मतदानाला गेले नाहीत."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "एवढे? आमच्या हॉलपुरतं मला माहीत होतं."

मी खुर्ची ओढून बसलो. मग त्यांनी सांगितलं. मतदानाच्या दिवशी त्या हॅल्वर लेकच्या हॉलमध्ये सकाळी सहापासून केंद्रावरच्या टेबलाशी बसल्या होत्या. दर निवडणुकीला बसतात. मतदार येतो, यादीत सही करतो, चिठ्ठी घेतो. दुपारपर्यंत त्यांना वाटलं, फोनवर "नक्की" म्हणालेले कामावरून सुटले की येतील. संध्याकाळी पाचला कळून चुकलं की येत नाहीत.

"नावं नाही सांगणार मी. पण हॉलच्या समोर राहणारा एक जण दिवसभर तळ्यावरच्या बर्फात मासे धरायच्या आपल्या खोपटाला खिळे ठोकत होता. ठक ठक ठक. रस्ता ओलांडायला वीस पावलं. मला खिडकीतून दिसत होता आणि मी दिसू नये म्हणून पाठ करून बसला होता बिचारा."

हॉलच्या समोर कोण राहतं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत? दोन महिने मी डोकं आपटतोय इथे!"

"फोनवर सांगितलेलं फोनवरच राहतं, असं पहिल्या दिवशी तूच माझ्याकडून लिहून घेतलंस. सही आहे माझी त्याच्यावर."

"पण पाहणी बंद पडली असती!"

"पडली असती. म्हणून माणसांची नावं सांगत सुटायचं?" त्यांचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. "आणि खोटारडे म्हणू नकोस त्यांना. खाण बंद पडली, पोरं शहरात गेली. दोन्ही पक्षांचे लोक चार वर्षांनी एकदा येतात, हात हलवतात, चालले. नव्हतं जायचं त्यांना. पण मला तसं तोंडावर सांगणार कसं? मला बरं वाटावं म्हणून बोलले ते."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण नियम मोडायला लावणारा शहाणा मीच होतो.

डीनला मी तसंच सांगितलं. चूक सापडली, चूक माझी. बाईंनी नियम पाळला होता, मीच तो मोडायला लावला. काढायचं तर मला काढ.

लिनियाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मीही हॅल्वर लेकच्याच शाळेतली, माहीत आहे ना? त्यांच्या हिरव्या शेंगा माझ्या घशाखाली उतरायच्या नाहीत. कुणाच्याच उतरायच्या नाहीत. पण मिसेस टॉलेफसन वाढायच्या खिडकीत उभ्या राहून अशा हसायच्या की नको म्हणायची छाती व्हायची नाही. आम्ही शेंगा खिशात घालायचो. आई कपडे धुताना कपाळाला हात लावायची. चौतीस वर्षं गावातली पोरं शेंगा खिशात घालून घरी गेली आणि चौतीस वर्षं बाईंना वाटलं, पोरांना शेंगा फार आवडतात."

"मग?"

"मग पाहणी चालू राहील. नियम पाळून. त्यांच्याशिवाय."

"दक्षिणेकडचे फोन देऊ की त्यांना. तिकडे कोण ओळखतंय?"

"पहिल्या आठवड्यात तिकडच्याही सगळ्यांच्या आई होतील त्या. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. तरी मी अर्धा तास भांडलो. तिने ऐकून घेतलं आणि ती नकारार्थी मान हलवत राहिली.

"निदान तू सांग त्यांना," मी शेवटी म्हणालो.

"मी?" ती खुर्चीत मागे सरकली. "मला नाही जमायचं. अजून त्या समोर आल्या की माझा हात खिशाकडे जातो. तूच जा."

गेलो. बुधवार होता, दुपारचे दोन, बाहेर उणे पंचवीस. बाईंनी दार उघडलं, माझा कोट काढून घेतला, कॉफी ओतली आणि खजुराच्या बारची, म्हणजे गोड वड्यांची, ताटली पुढे केली. मी बसलो. थंडीबद्दल बोललो. घर गरम ठेवणाऱ्या त्यांच्या भट्टीच्या आवाजाबद्दल बोललो. तळ्यावरचा बर्फ यंदा किती जाड, कुणाला केवढा मासा लागला, सगळं बोलून झालं. एक बार संपवला, दुसरा उचलला. घड्याळात अडीच झाले. त्या मला न्याहाळत होत्या.

मग त्यांनी चष्मा लावला, खुर्चीत ताठ बसल्या, आणि एकदम फोनवरच्या आवाजात बोलायला लागल्या. ना गोड, ना कडू. अकरा वर्षं दर निवडणुकीला ऐकलेला तो आवाज समोरासमोर कधी माझ्या वाट्याला आला नव्हता.

"मी तुम्हाला दोन-तीन प्रश्न विचारणार आहे. यात बरोबर किंवा चूक असं काही नाही. मनात असेल ते सांगायचं."

"आर्डिस, अहो..."

"हे खजुराचे बार तुम्हाला कितपत आवडतात? खूप, बऱ्यापैकी, फारसे नाही, की अजिबात नाही?"

अकरा वर्षं मी ते बार खात होतो. दर नाताळात, दर वाढदिवसाला, दर निकालाच्या दिवशी. साखर अशी की दाढा ठणकायच्या. दरवेळी मी वा वा करायचो आणि दुसरा उचलायचो, आणि त्या घरी जाताना आणखी सहा बांधून द्यायच्या.

"बऱ्यापैकी," मी म्हणालो.

"पर्याय पुन्हा वाचून दाखवू का?"

त्या वाट पाहत राहिल्या. वाट पाहणं त्यांच्याकडून शिकावं.

"अजिबात नाही," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "धन्यवाद. पुढचा प्रश्न. पाहणी चालू राहणार आहे का? हो, की नाही?"

"हो."

"मी त्यात असणार आहे का? हो, की नाही?"

या बाईंवर माझा फार जीव आहे, आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही, कारण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला आणि ॲप्रनने पुसला. पुसायला बराच वेळ लागला. मलाही समोरचं धड दिसत नव्हतं.

"एवढेच प्रश्न होते," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढची ताटली उचलून घेतली.