इज्बासारचा पांढरा घुमट

तास्तुम्सिक बंदरात ओरिंशाचा आवाज ओळखत नाही असा माणूस नाही. तिचं तोंड पाहिलेले खलाशी मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजावेत. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला ती बंदर कचेरीच्या कोपऱ्यातल्या खोलीत रेडिओ उघडते, आणि कॅस्पियनच्या त्या अंगाला जी काही जहाजं, लाँचा असतील त्यांना सांगते: तीन नंबरच्या बोयाचा दिवा विझलाय. सात नंबरचा बोया साखळी तोडून गेलाय. अमक्या ठिकाणी पाणी ओसरून खडक वर आलाय, जपून या.

एकतीस वर्षं हेच काम. सर्दी झाली तरी, घरात लग्न असलं तरी. नवरा वारला तेव्हा मात्र तीन दिवस दुसऱ्या कुणी वाचलं, आणि चौथ्या दिवशी खलाशांनीच कचेरीत विचारलं, बाई कुठंय?

चोख इतकी, की लोक थट्टा करायचे. एकदा मेलेलं सील तरंगताना दिसलं, तर बाईनं त्याचीही सूचना काढली, लांबीसकट. बोरानबाय म्हणून म्हातारा नाखवा आहे. त्याची वाळत घातलेली विजार वाऱ्यानं समुद्रात गेली, तेव्हा तो रेडिओवर गयावया करत म्हणाला, "ओरिंशा, हे तेवढं नको सांगूस गं. पार इराणपर्यंत जाईल."

"रंग कुठला?" ओरिंशानं विचारलं होतं.

कामाचा हा चोखपणा बापाकडून आला. इज्बासार चाळीस वर्षं बोये, म्हणजे पाण्यात साखळीनं बांधलेल्या तरंगत्या खुणा, सांभाळायचा. दिव्यात तेल घाल, साखळी बदल, बोयावर बसलेल्या पाणकावळ्यांना शिव्या घाल, असं त्याचं आयुष्य. आणि दर वसंतात एक काम कुणी न सांगता करायचा. कड्यावर सेंगीर बाबा नावाच्या संताची कबर आहे, तिच्या घुमटाला तो चुना द्यायचा. त्यात भक्ती किती आणि नोकरी किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कारण बंदराची वाटच त्या घुमटावर होती. काठाला लोखंडी मनोरा, मागे कड्यावर बाबांचा पांढरा घुमट. लांबून येताना घुमट मनोऱ्याच्या बरोबर डोक्यावर धरायचा आणि नाकासमोर यायचं. घुमट उजवीकडे सरकला की समजावं, पोटाखाली खडक आहे. नकाशातही तसंच लिहिलेलं.

इज्बासार गेला तेव्हा मुलांनी त्याला बाबांच्या शेजारीच ठेवला. मधे दीडशे पावलं सोडून. वर्षभरात थोरल्या भावानं, नुर्लिबायनं, बापाच्या कबरीवर घुमट बांधला. नुर्लिबायची दगडाची खाण. त्यानं शिंपल्याचा मऊ दगड निवडून निवडून काढला, कोरीव काम केलं, आणि वर असा चुना दिला की लांबून डोळे दिपावेत. माणूस रीत पाळणारा. संतापेक्षा बापाचं घर उंच नको म्हणून एक हात कमी ठेवला. घुमट पुरा झाला त्या दिवशी घोडा कापला, शंभर माणसं जेवली, आणि ओरिंशा घुमटाला हात लावून रडली. असा मुलगा सगळ्यांना मिळो, असं गाव म्हणालं.

पुढच्या वसंतात चुना आणला तो बापाच्या घुमटाला गेला. त्याच्या पुढच्याही. बाबांच्या घुमटाला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. पण ते काम बाप करायचा, आणि बाप तर शेजारीच निजलेला.

हे झालं गेल्या तीन वर्षांतलं. आता त्या दिवसाचं ऐका.

शरद ऋतू. वाळवंटाकडून धूळ उठलेली. अकराच्या सुमाराला, सूचना वाचून झाल्यावरही चालूच ठेवलेल्या रेडिओतून ओरिंशाच्या कानात आवाज आला, "तास्तुम्सिक, तास्तुम्सिक. मी रुतलोय."

बाकूहून कांदे घेऊन येणारं जहाज होतं. कप्तानाचं नाव आगासाफ. या बंदरात पहिल्यांदाच येत होता.

"कुठं रुतलात?"

"तेच मला कळत नाहीये, बाई. घुमट मनोऱ्याच्या डोक्यावर आहे. अगदी टोपी घातल्यासारखा. आणि मी खडकावर आहे. हे कसं?"

"घुमट उजवीकडे असेल. धुळीत नीट दिसत नसेल."

"बाई, माझे डोळे चांगले आहेत. जहाज चांगलं नाहीये आता. पाणी आत येतंय."

बंदराचा साहेब सागिन्दिक धावतच आला. वयानं लहान, ओरिंशाला आपा म्हणायचा. माणसं उतरवायला लाँच निघाली. आगासाफला या बाजूची भाषा तुटकच येत होती आणि ओरिंशाला त्याची बरी समजायची, म्हणून सागिन्दिक म्हणाला, "आपा, तुम्हीही चला."

समुद्राला वाटा सांगणारी ही बाई. पण बापानं बोयांचं काम सोडल्यापासून, म्हणजे बारा वर्षांत, तिनं पाण्यात पाय घातला नव्हता. सगळा समुद्र तिला कागदावरून आणि कानातून ठाऊक.

जहाज एका अंगावर कललेलं. भोवती कांदेच कांदे, लालचुटूक, लाटेवर डुलत होते. स्वयंपाक्याचा हात उकळत्या रश्श्यानं भाजला होता. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. आगासाफ वर सुकाणूपाशी उभा होता. साठीकडे झुकलेला, टक्कल पडलेला. त्यानं दुर्बीण ओरिंशाच्या हातात दिली.

"बघा. मी खोटं बोलतोय का सांगा."

ओरिंशानं बघितलं. मनोरा होता. मनोऱ्याच्या बरोबर डोक्यावर पांढराशुभ्र घुमट होता. धुळीतही लखलखत होता. नकाशात म्हटल्यासारखा, अगदी रेघेत.

तो तिच्या बापाचा होता.

तिनं दुर्बीण उजवीकडे फिरवली. बाबांचा घुमट शोधायला तिला इतका वेळ लागला की सागिन्दिकनं दोनदा हाक मारली. तीन हिवाळ्यांत चुना उडून गेला होता. दगड कड्याच्या रंगाचा झाला होता. संत कड्यात विरघळून गेला होता.

"काय झालं, आपा?"

तिथंच दोराच्या वेटोळ्यावर ती बसली. मेलेल्या सीलची सूचना काढली होती तिनं. म्हाताऱ्याच्या विजारीचा रंग विचारला होता. आणि कड्यावर एवढा घुमट उभा राहिला, तिच्या डोळ्यांदेखत, तिनं स्वतः त्याला हात लावला. तो समुद्रावरून कसा दिसेल, हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती कबर होती. कबर ही काय सूचना द्यायची गोष्ट आहे?

संध्याकाळी ती भावाकडे गेली. गुरुवार होता, रिवाजाप्रमाणे वहिनी बापाच्या नावानं सात पोळ्या तळत होती, घरभर तेलाचा वास. ओरिंशानं सगळं सांगितलं. नुर्लिबायनं चहाची वाटी खाली ठेवली.

"हे तू कुणाला बोललीस?"

"अजून नाही. परवा शहरातून चौकशीला माणसं येतायत."

"मग बोलूही नकोस. तो बाकूवाला प्यायला असणार."

"आगा," थोरल्या भावाला ती आगाच म्हणायची, "मी त्याच्याजवळ उभी होते. नुसता कांद्याचा वास येत होता."

"घुमट पाडायला लावतील ते! कळतंय का तुला? बापाचं घर पाडायला लावतील. तू लावशील!"

"आणि त्याचा परवाना गेला तर? दोन वर्षं राहिलीत त्याच्या निवृत्तीला. त्याला म्हणतील, रेघ सोडून आला, डोळे फुटले होते का."

"तो आपला कोण लागतो?"

ओरिंशा म्हणाली, "रोज दोनदा ज्यांच्याशी बोलते, ते तरी माझे कोण लागतात?"

"त्या डबड्यात बोलून बोलून तुझं डोकं फिरलंय," नुर्लिबाय म्हणाला. वहिनीनं पोळी पुढं केली. ती तशीच हातात घेऊन ओरिंशा घरी आली.

चौकशी बंदर कचेरीतच झाली. शहरातून दोघे आले होते. आगासाफ समोर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला, शाळेत बोलणी खाणाऱ्या मुलासारखा. नुर्लिबाय मागच्या बाकावर. साहेबांपैकी जाड्या होता त्यानं नकाशावर पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि म्हणाला, "कप्तान रेघेपासून चांगलाच दक्षिणेला होता. घुमट उजवीकडे दिसत असणारच. दुर्लक्ष केलं. यात विचारायचं काय राहिलं?"

"मी घुमट धरूनच आलो," आगासाफ हळूच म्हणाला. हे तो चौथ्यांदा सांगत होता.

"सूचनांची वही आणा," साहेब म्हणाला. ओरिंशानं वही आणली. साहेबानं तीन वर्षांची पानं उलटली. "बघा, इथं एकूण एक गोष्ट लिहिलीय. सीलसुद्धा आहे. घुमटात काही बदल झाल्याची एक ओळ नाही. म्हणजे घुमट आहे तसाच आहे. दोष कप्तानाचा."

"नाही," ओरिंशा म्हणाली.

आवाज तोच, रेडिओवरचा. त्यामुळे सगळ्यांनी माना वर केल्या.

"ती ओळ नाही, कारण मी लिहिली नाही. कड्यावर आता दोन घुमट आहेत. पांढरा दिसतो तो बाबांचा नव्हे, माझ्या बापाचा आहे. आम्ही बांधलाय. बाबांच्या घुमटाला तीन वर्षांत कुणी चुना दिला नाही. दोष माझा आहे."

साहेबाच्या हातातली पट्टी तशीच राहिली. सागिन्दिकनं कपाळाला हात लावला. तोही रोज त्याच कड्याखालून कचेरीत यायचा. मागचा बाक सरकल्याचा आवाज झाला आणि नुर्लिबाय बाहेर गेला.

मग कागद झाले. कप्तानाचा परवाना त्याच्या हातात परत दिला. ओरिंशाच्या नावावर ठपका आला, एकतीस वर्षांतला पहिला. आठ दिवसांत नवा घुमट मळकट करायचा, जुना पांढरा करायचा, नाहीतर नवा उतरवायचा, असा हुकूम निघाला. आणि सूचना आजच्या आज, पाच वाजता.

आगासाफ दारात थांबला. म्हणाला, "बाई, तुमच्या वडिलांना माझा सलाम सांगा. मी त्यांना संत समजून आलो."

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं. ती लगबगीनं बाहेर पडली.

बाहेर ट्रकला टेकून नुर्लिबाय उभा होता. हुकूम त्याच्यापर्यंत पोचला होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "किती मळकट हवाय?"

"कड्याच्या रंगाचा, आगा."

"पिवळी माती लागेल. खाणीत आहे." त्यानं ट्रकचं दार उघडलं. "कोरीव कामात माती भरणार नाही मी. नुसता वरचा भाग."

"नुसता वरचा," ती म्हणाली.

पाच वाजता ओरिंशा रेडिओपुढं बसली. सूचना तिनं स्वतः लिहिली होती, आठ ओळींची. वाचताना फक्त बापाच्या नावापाशी थांबली. "सूचना क्रमांक एकेचाळीस. तास्तुम्सिकच्या वाटेवर कड्यावरचा पांढरा घुमट धरू नये. तो खूण नाही. ती बोयेवाल्या इज्बासारची कबर आहे. बाबांचा घुमट तिच्या दक्षिणेला दीडशे पावलांवर, कड्यासारखा मळकट पिवळा दिसतो. पुढील सूचना येईपर्यंत वाट धोक्याची समजावी. ऐकलं असेल त्यांनी सांगावं."

रिवाजाप्रमाणे एकेकानं "ऐकलं" म्हणायचं असतं. आली नुसती खरखर. तिला वाटलं, यंत्र बिघडलं. तेवढ्यात बोरानबायचा घोगरा आवाज आला.

"ऐकलं. ओरिंशा, तुझी काय हरकत नाही ना गं आता?"

"कसली हरकत?"

"नाही, म्हणजे... आम्हाला ठाऊकच होतं. पहिल्या वर्षापासूनच. आम्ही पांढरा घुमट मनोऱ्याच्या डावीकडे हातभर ठेवून येतो सगळे. इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे."

ओरिंशाच्या हातातला पेन पडला.

"सगळे?"

"सगळे म्हणजे... आपल्यातले सगळे. तुला कोण सांगणार? बापाचं घर तुझ्या. मेलेल्याच्या घराला नावं ठेवायची का? इज्बासारनं माझी लाँच दोनदा वाचवलीय. म्हटलं, डावीकडे हातभर ठेवलं की झालं. काय मोठंसं."

"मग परका आला तर?"

खरखर.

"परक्याचं..." बोरानबाय म्हणाला, "परक्याचं आमच्या ध्यानातच आलं नाही."

मग दुसरा कुणी म्हणाला, "ऐकलं. मलाही ठाऊक होतं." मग तिसरा. एकामागून एक, तेरा लाँचा. तीन वर्षं ज्यांना ती रोज दोनदा वाट सांगत होती, ते तेराही जण रोज दोनदा तिला "ऐकलं" म्हणत होते, आणि तिच्या बापाची लाज राखत खडकाला वळसा घालून जात होते. भिंतीवरच्या नकाशाकडे तिनं बघितलं, त्यावरच्या तिनं मन लावून मारलेल्या लाल खुणांकडे. यातल्या खऱ्या किती, हे आता तिला ठाऊक नव्हतं.

तिनं वाकून पेन उचलला, वहीचं कोरं पान काढलं आणि बटण दाबलं.

"बोरानबाय."

"हां."

"अजून काय काय सांगितलं नाहीत मला?"

खरखर. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी दबक्या आवाजात दुसऱ्याला म्हणालं, "तू सांग की." मग बोरानबायनं मोठा श्वास घेतला.

"नऊ नंबरचा बोया आहे ना, सागिन्दिक साहेबांच्या मेहुण्यानं टाकलेला..."

"सावकाश," ओरिंशा म्हणाली. "मी लिहून घेतेय."