घसा बसला तो नाताळ

बोलणं हाच माझा धंदा. रविवारी देवळात, इतर दिवशी घराघरांतून, आणि उरलंसुरलं जेवताना बायकोपुढे. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत मी नाशकातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक होतो. आवाज असा खणखणीत की बाहेरचे टांगेवालेही उपदेश फुकट ऐकत.

एका वर्षी नाताळ तोंडावर आला आणि माझा घसा बसला. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. छे! शेवटी मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. म्हणाले, नव्या वर्षापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तेवढ्यानं आवाज आला तर ठीक, नाहीतर गाठ आहे का ते बघायला मुंबईला जावं लागेल. माझे वडील घशातल्या गाठीनंच गेले होते. विश्वासावर मी आजवर किती उपदेश केले असतील, पण खरं सांगतो, घरी येईपर्यंत त्यातलं एक वाक्य माझ्या कामी आलं नाही. भीती वाटत होती, बस्स.

नाताळच्या उपासनेला मी मंडळीबरोबर बाकावर बसलो. बायबलमधला शास्त्रपाठ बायकोनं वाचला, आणि छान वाचला, हे मला जरा झोंबलंच. घरी आल्यावर तिच्या करंज्यांचं कौतुकही करता येईना. तिला त्याचंच हसू येत होतं.

मग भलतंच झालं. नाशकात साधू-बैराग्यांना काय तोटा! कुणी बोलेनासा झाला की लोक धरूनच चालतात, यानं मौन घेतलं. त्यात माझा झगा पांढरा. एका सकाळी मी ओसरीवर उन्हाला बसलो होतो. गंगापूरकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं टोपली उतरवली आणि थेट माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी दोन्ही हात हलवून नाही नाही खुणावलं. तिला तो आशीर्वाद वाटला. बोलण्याऐवजी लिहायला जवळ ठेवलेल्या दगडी पाटीवर 'मी आजारी आहे' असं लिहून दाखवलं, तर वाचता न येणाऱ्या त्या माउलीनं ती पाटी कपाळाला लावली. मी हात टेकले.

ती समोर बसली आणि बोलू लागली. पावसाळ्यात तिची लेक बाळंतपणात गेली होती. घरात रडायची सोय नव्हती. नवरा चिडायचा, नातू घाबरायचा. माझ्या जिभेवर सांत्वनाची वचनं नुसती वळवळत होती, पण करतो काय? गप्प बसून ऐकत राहिलो. ऐकता ऐकता माझी स्वतःची भीतीही वर आली आणि तिच्याबरोबर माझेही डोळे भरले. मनसोक्त रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली.

"लय हलकं वाटलं, बाबा," ती म्हणाली. "आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकूनच नाय घेतलं."

वर्षाच्या पहिल्या सकाळी, उपासनेआधी, डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. सूज उतरली होती. गाठबीठ काही नव्हती. बोला आता, म्हणाले. मी "देवा" म्हणालो. चिरका, फाटका, पण माझाच आवाज! डॉक्टरांसमोर मी लहान पोरासारखा रडलो. परत येताना सगळ्या वाटभर टांगेवाल्याचं डोकं खाल्लं, आणि घरी पाऊल टाकल्यापासून बायकोचं. तीही डोळे पुसत ऐकत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. तीच भाजीवाली, आणि तिच्याबरोबर डोईवरचा पदर ओढून घेतलेली एक तरणी बाई. तिचे डोळे सुजलेले होते. आता या दोघींना खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी घसा खाकरत उठलो. बायकोनं माझी बाही धरली.

"अहो, आवाज आला, देवाचे उपकार," ती हळूच म्हणाली. "पण तिचं बोलून होईस्तोवर घसा बसलेलाच असू द्या."

मी ओसरीवर जाऊन मुकाट्यानं बसलो.