पाठमोऱ्यांचा रंगमंच

मध्यप्रांतातील समस्त रसिकांस, अंमलदारांस आणि ज्यांना काहीही कळवण्याची गरज नसते अशा विद्वानांस गंभीरपणे कळवण्यात येते की, नागपूरच्या महाल भागात एका संध्याकाळी पृथ्वी फिरायची थांबली होती!

हसू नका. मी त्या वेळी तिच्यावरच उभा होतो. नऊवारी शालू नेसून, गळ्यात खोट्या मोत्यांचे सर घालून, वनवासी राणीच्या वेषात. पायांखालून एरंडेल पाजलेल्या सागवानाचा उष्ण, गोडसर दर्प येत होता, डोक्यावर गॅसबत्त्यांची सुरसुर चालली होती आणि मिशा भादरलेल्या माझ्या ओठावर घामाचे थेंब जमत होते. अजूनही कुठे तेल पाजलेल्या लाकडाचा वास आला की माझा हात आपोआप पदराकडे जातो. आमच्या सौभाग्यवतींना हे मुळीच आवडत नाही.

ही पृथ्वी म्हणजे आमच्या नाट्यमंडळीचा फिरता रंगमंच. तो रचला होता माझ्या मित्राने, वसंताने. तो हायस्कुलात विज्ञान शिकवी आणि उरलेल्या वेळात नाटकाची स्वप्ने पाही. लाकडाचे एक विशाल वर्तुळ, मध्ये जमिनीत पक्का बसवलेला लोखंडी आस, कडेखाली छोटी चाके. वर्तुळाच्या एका अर्ध्यावर राजवाडा, दुसऱ्या अर्ध्यावर अरण्य, मध्ये पडदा. खालच्या खड्ड्यात डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक भक्कम दांडा. दांडे ढकलले की राजवाडा मागे जावा आणि अरण्य लोकांपुढे यावे, अशी ती योजना.

पण वसंताचे वडील अण्णा! आयुष्यभर सरकारी कचेरीत मान खाली घालून लिहिलेला हा गृहस्थ नाटकाला व्यसनांतच मोजत असे. जबलपूरच्या कचेरीत त्यांनी मुलासाठी जागा पाहून ठेवली होती. ‘‘तुह्या लाकडाचा हा भोवरा लोकांसमोर फिरला, तर मी जन्मभर ब्र काढणार नाही,’’ त्यांनी सुनावले होते, ‘‘अन् नाही फिरला, तर सोमवारी जबलपूर. शाळा बंद, नाटक बंद.’’ आणि पैज पाहायला ते पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून, कोर्टातल्या न्यायाधीशासारखे येऊन बसले होते.

आता दांडे ढकलणाऱ्यांची ओळख. डावीकडे तात्या, उजवीकडे बाबूराव. मंडळीचे दोन संस्थापक, दोघे एकमेकांचे साडू, आणि राजाची भूमिका कोणी करावी यावरून वर्षभर अबोला धरलेले. शेवटी राजा तिसराच झाला आणि हे दोघे रागारागाने आपापल्या आखाड्यातले दोन-दोन पहिलवान घेऊन खड्ड्यात उतरले. नाटकाच्या तालमीत तात्या प्रेक्षकांकडे तोंड करून दांडा ढकलीत. बाबूराव म्हणत, ‘‘त्याचं तोंड जिकडं, तिकडं मी तोंड करणार नाही,’’ आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून ढकलीत. रंगमंच लोण्यासारखा फिरे.

तुम्ही कधी दाराशी खेळला आहात का? बिजागरीजवळ बोट लावून दार लोटून पाहा. ते तुम्हाला ओळखसुद्धा देत नाही. तेच बोट कडेला लावा, की ते नव्या सुनेसारखे निमूट वळते. बळ तेच, बोट तेच! मग बदलले काय? बदलले ते आसापासूनचे अंतर. आणि कडेला धरूनही तुम्ही जोर बिजागरीच्याच दिशेने लावलात, तर? दार जागचे हलणार नाही. किती जोर, हा प्रश्न अर्धाच आहे. कुठे आणि कोणत्या दिशेने, हा खरा प्रश्न. नळाची चावी फिरवताना पाहा: अंगठा एकीकडे रेटतो, तर्जनी त्याच्या बरोबर उलट. दोघांनी एकाच दिशेला रेटले तर चावी वळणार नाही, फार तर वाकेल. किती सूक्ष्म वितुष्टांवर आपली नित्याची सोय उभी आहे!

आणि नेमक्या प्रयोगाच्या सकाळी कुणा सज्जनाने दोन्ही साडूंना विडा देऊन त्यांचा समेट घडवून आणला.

राजवाड्याचा अंक संपला. घंटा झाली. खालून वसंताचा आवाज आला, ‘‘ढकला!’’ पायांखालचे लाकूड कण्हले, आस करकरला, आणि वर्तुळ तसूभरही हलले नाही. फळ्यांच्या फटीतून मी खाली पाहिले. तात्या आणि बाबूराव, जिवलग भावांसारखे, दोघेही प्रेक्षकांकडे तोंड करून, सर्व बळ एकवटून पुढे रेटत होते! केवढी ती एकी! डावा जोर रंगमंचाला एका अंगाने वळवू पाही, उजवा तितकाच दुसऱ्या अंगाने, आणि मधला बिचारा आस दोघांचे प्रेम सोसत उभा.

वसंताला ते कळले. शिकवलेलेच होते ते. ‘‘बाबूराव, तुम्ही मागं तोंड करा!’’

‘‘काहून?’’ बाबूराव दुखावले. ‘‘आजच तोंड जुळलं, अन् आजच फिरवू? अपशकुन करून राहिला काय गा?’’

‘‘मी माह्या साडूच्या सोबतच ढकलीन,’’ तात्यांनी डाव्या टोकाकडून साद दिली.

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्याच्या कडेने मला अण्णा दिसले. ते काठी घेऊन उठण्याच्या बेतात होते. वसंता खाली पुन्हा दिशा, अंतर, आस असे काही समजावू लागला, पण दोन वडीलधाऱ्यांना यंत्रशास्त्र पटेपर्यंत त्याला जबलपूरची गाडी पकडावी लागली असती. मी राणी होतो; राज्यात फूट पाडणे मला वेषानेच शोभत होते. मी गुडघे टेकले आणि फटीला तोंड लावून मंजुळ स्वरात म्हणालो, ‘‘तात्या, बाबूराव म्हणतात, तुमच्याच बाजूनं अडलं म्हणून. तुमच्यात दम नाही म्हणतात.’’

तात्या कडाडले, ‘‘मले? मले म्हणून राहिला तू? राजा व्हायले निघाला होता, आवाज चिमणीचा!’’

‘‘अन् तुह्या पोटाले राजाचा अंगरखा बसत होता काय?’’ बाबूराव गरजले. त्यांनी तरातरा दांड्याला वळसा घातला, पहिलवानांना ओढून नेले आणि भिंतीकडे तोंड करून खांदा लावला. ‘‘त्याचं थोबाडच नको मले!’’

‘‘ढकला!’’ वसंता ओरडला.

आणि मी हललो! एकाचा राग पुढे, दुसऱ्याचा मागे, दोन्ही टोकांवर अगदी सारखे, आणि त्या दोन रागांच्या मधोमध आस शांत, स्थिर. राजवाडा हळूहळू काळोखात सरकला, कागदी वेली थरथरल्या, गॅसबत्त्यांचा उजेड नदीसारखा माझ्या शालूवरून वाहत गेला. पदर सावरीत मी लोकांसमोर आलो आणि माझे पहिलेच वाक्य साफ विसरलो. कुणाच्या ते लक्षातही आले नाही. सारा मांडव श्वास रोखून होता. पहिल्या रांगेत मात्र अण्णा ताडकन उभे राहिले होते. काठी खाली पडलेली, पगडी एका कानावर. ते राणीकडे पाहत नव्हते, अरण्याकडेही नाही. ते वर्तुळाच्या कडेकडे पाहत होते, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, ‘‘अजून एक डाव फिरव गा, वसंता!’’